दाढेला कॅप बसवताना: जे बोलायचं ते सिमेंट लागण्याआधी

ठाण्याच्या तलावपाळीच्या कठड्यावर बसून फुटाणे खाताना एक गणंग दाढेखाली आला. आवाज बाहेर कोणाला ऐकू गेला नसेल, पण माझ्या कानशिलात कडकन वाजला. तळहातावर काढून पाहिलं तर न फुटलेला हरभरा जसाच्या तसा, आणि शेजारी तांदळाच्या कणीएवढा पिवळट तुकडा. तो दाढेचा. खालची डावी मोठी दाढ. तीन वर्षांपूर्वी तिचं रूट कॅनाल झालं होतं आणि 'कॅपचं बघू पुढच्या महिन्यात' म्हणत मी ती नुसत्या सिमेंटवर चालवली होती. दुखत नव्हती ना, मग कशाला घाई!

घरी आल्यावर आईचा सल्ला तयारच होता. "काढून टाक गं. एका दाढेपायी एवढे पैसे घालायचे?" तिच्या पिढीचा हिशेब तसाच होता. पण दाढ काढली की शेजारची हळूहळू त्या जागेत कलते, समोरची वरून खाली उतरू लागते, आणि पुढे ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात) किंवा इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) करायचं तर खर्च कॅपच्या कितीतरी पट. मूळ धड असेल तर दाढ वाचवावी, हे माझं मत झालं ते असं.

डॉक्टर क्राऊन म्हणतात, आपण कॅप म्हणतो, आई टोपी म्हणते. वस्तू एकच. उरलेला दात चहूबाजूंनी तासून त्याचा खुंट करायचा आणि त्यावर दाताच्याच आकाराचं कवच चिकटवायचं. माझ्या तोंडात आता अशा दोन कॅप आहेत. पहिलीच्या वेळी केलेल्या चुका दुसरीच्या वेळी टाळल्या. पुढचं सगळं त्यातून आलेलं.

आधी ठरवा: कॅप लागणार आहे का

रूट कॅनाल केलेला दात 'वाळून ठिसूळ होतो' असं सर्रास म्हणतात. खरी गोष्ट जरा वेगळी आहे. किडलेला भाग काढून आत शिरायला दाताचं छप्परच उघडावं लागतं. राहतात त्या भिंती. समोरच्या दाढेचं टोक दर घासाला त्या भिंतींच्या मधोमध पाचरीसारखं आदळतं आणि एक दिवस भिंत फुटते. म्हणून दाढांना रूट कॅनालनंतर कॅप लागतेच असं धरून चाला, आणि ती महिन्याभरात करून टाका. पुढच्या दाताचं तसं नाही. आत शिरायला केलेलं भोक लहान असेल आणि बाकी दात शाबूत असेल, तर नुसतं फिलिंगही पुरतं. उलट, कॅप बसवायची म्हणजे रूट कॅनाल करायलाच हवं, असंही नाही. नस जिवंत आणि निरोगी असेल तर ती तशीच ठेवूनही कॅप बसते. कोणी 'आधी रूट कॅनाल, मग कॅप' असं एका दमात सांगितलं तर एक्स-रेवर नेमकं काय दिसतंय ते दाखवायला सांगा. मोडलेला भाग एकाच बाजूचा असेल तर सगळा दात न तासता तेवढ्यावर बसणारी ऑनले चालेल का, हेही विचारून घ्या.

पण सगळ्यात मोठा प्रश्न निराळाच आहे, आणि तो बहुतेक जण विचारत नाहीत: हिरडीच्या वर माझा स्वतःचा दात किती उरलाय? कॅपची कड धड दातावर, चहूबाजूंनी निदान दीड-दोन मिलिमीटर तरी टेकायला हवी. पिंपाला लोखंडी पट्टी आवळावी तशी ती खुंटाला आवळून धरते. तेवढा दात नसेल तर कॅप कितीही भारी घ्या, ती खुंटासकट निखळायची भीती राहते. दात कमी असेल तेव्हा मुळाच्या आत पोस्ट, म्हणजे बारीक खिळा, बसवून वर सिमेंटचा खुंट उभारतात, किंवा हिरडी थोडी कापून दात उघडा करतात. आणि तडा थेट मुळापर्यंत उभा गेला असेल तर आईचंच खरं, दाढ काढायची.

माझी गालाकडची एक भिंत गेली होती, पण हिरडीच्या वर पाऊणेक दात होता. एक्स-रेत मुळांच्या टोकाशी काळी सावली नव्हती, म्हणजे जुनं रूट कॅनाल टिकून होतं. सावली दिसली तर आधी रूट कॅनाल दुरुस्त करायचं, कॅप नंतर. वरची कॅप फोडून पुन्हा आत शिरायची वेळ आली की पैसे दोनदा जातात.

कुठे जायचं

नौपाड्यात आणि राम मारुती रोडच्या आसपास पाटी पाहून निवडायची म्हटली तर दिवस पुरणार नाही. साधी कॅप कुठलाही अनुभवी बीडीएस डॉक्टर करतो. दात फारच मोडलेला असेल, शेजारी आणखी कॅप असतील, किंवा तुम्ही झोपेत दात खात असाल, तर प्रोस्थोडोंटिक्समध्ये, म्हणजे कॅप-कवळ्यांच्या विषयात, एमडीएस केलेल्या डॉक्टरकडे जा. नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची असते. नोंदणी क्रमांक भिंतीवर लावलेला नसेल तर विचारायला लाजू नका.

हात आखडता असेल आणि वेळ असेल तर दंत महाविद्यालयाचा पर्याय खरंच चांगला आहे. ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल धरली की नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, पुढे बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वाय. एम. टी. आणि कामोठ्याला एमजीएम, इतकी कॉलेजं एका पट्ट्यात आहेत. मुंबईत सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे आणि मुंबई सेंट्रलला नायर. काम विद्यार्थी करतो आणि प्रत्येक टप्प्यावर शिक्षक येऊन तपासतो. वेळ खूप जातो, खेपा वाढतात. पण तपासणी होते ती नीट होते, घाईत उरकून टाकत नाहीत.

खाजगीत मी चार ठिकाणी भाव विचारला: दोन नौपाड्यात, एक घोडबंदर रोडला, एक वाशीत. धातूवर पोर्सेलिनची कॅप ४,००० ते ७,०००, झिरकोनिया ९,००० ते १८,००० रुपये असे आकडे मिळाले. आकडा ऐकल्यावर लगेच एक विचारायचं: यात पोस्ट, खुंट बांधणं, एक्स-रे आणि तात्पुरती कॅप धरलीय का? एका ठिकाणची स्वस्त कॅप ही सगळी बेरीज केल्यावर सर्वांत महाग निघाली. आरोग्य विम्यावर विसंबू नका. बहुतेक पॉलिसी दवाखान्यात बसल्या बसल्या केलेले दातांचे उपचार धरत नाहीत.

कॅप कशाची

धातूवर पोर्सेलिन, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत पीएफएम, ही आपल्या तामचिनीच्या ताटलीसारखी. आत पत्रा, वर भाजून चढवलेलं चकचकीत लुकण. ताटली पडली की कपचा उडून काळं दिसतं, तसंच इथेही होतं. काही वर्षांनी हिरडी थोडी खाली सरकली की कडेला करडी रेघ दिसू लागते. मागच्या दाढेला कोण बघतंय? तिथे ही कॅप वर्षानुवर्षं छान काम देते. मात्र आतला धातू पुष्कळदा निकेलचा मिश्रधातू असतो. खोट्या कानातल्यांनी कान चिघळणाऱ्यांनी हे डॉक्टरांना आधीच सांगावं.

झिरकोनिया पांढरी, धातूविरहित आणि दणकट. सुरुवातीची झिरकोनिया खडूसारखी मठ्ठ दिसायची. आता बऱ्यापैकी पारदर्शक मिळते, पण जितकी पारदर्शक तितकी ताकद थोडी कमी, म्हणून दाढेला फार सुंदरची हौस करू नये. पुढच्या दातांना लिथियम डायसिलिकेटची कॅप सर्वांत नैसर्गिक दिसते. ई-मॅक्स हे नाव तुम्ही ऐकलं असेल, ते हिचंच. आणि नुसत्या धातूची कॅप? दिसायला कशीही असली तरी सगळ्यात मागच्या दाढेला, जिथे जागा कमी असते, तिथे आजही ती उत्तम. दात कमी तासावा लागतो आणि कपचा उडायचा प्रश्नच नाही. पण ती कोणी सुचवत नाही, कारण घ्यायला कोणी तयार नसतं.

झिरकोनियासोबत पाच, दहा, पंधरा वर्षांच्या वॉरंटीचं कार्ड येतं. ती वॉरंटी कॅपची असते. खालचा दात किडला तर तिचा काही उपयोग नाही, आणि कॅप सहसा त्यामुळेच जाते. कार्डातली वर्षं मोजण्यापेक्षा कॅपची कड दातावर कशी बसलीय ते पाहणं मोलाचं.

तासण्याचा दिवस

पोट भरून जा. बीपी, शुगर, रक्त पातळ करणारी गोळी, हृदयाची झडप बदललेली असणं, औषधाची अ‍ॅलर्जी, गरोदरपण, हे आधी सांगा. गोळी मनाने बंद करू नका.

रंग ठरवायचं काम सुरुवातीला झालं पाहिजे, तासल्यावर नव्हे. तोंड उघडं राहिलं की दात कोरडे पडतात आणि आहेत त्याहून पांढरे दिसतात. डॉक्टर दातांच्या नमुन्यांची पट्टी काढतात. नेहमीच्या पट्टीत ए-१ पासून डी-४ पर्यंत १६ छटा असतात. मी खुर्चीवरून उठून खिडकीशी गेले, लिपस्टिक पुसली आणि आरशात पाहिलं. दिव्याखाली ए-२ वाटणारी छटा उजेडात ए-३ निघाली. मन एक घर पांढऱ्याकडे झुकतं. झुकू देऊ नका, एकटा पांढरा दात लांबून ओळखू येतो.

मग इंजेक्शन. रूट कॅनाल झालेल्या दाताला नस नसते, तरी हिरडीला कामाचा त्रास होतो म्हणून बधिर करतात. तासायला वीसेक मिनिटं ते पाऊण तास. चावण्याच्या बाजूने पीएफएमला दीड-दोन मिलिमीटर काढावा लागतो, झिरकोनियाला थोडा कमी. पाण्याचा फवारा चालू असतो, जळका वास येतो, जीभ कुठे ठेवावी ते कळत नाही. नाकाने श्वास घ्या आणि हात वर केला की थांबायचं, हे डॉक्टरांशी आधीच ठरवून ठेवा.

तासून झालं की हिरडी आणि दाताच्या फटीत बारीक दोरा दाबून बसवतात. गंमत वाटते, पण सगळं काम या दोऱ्यावर आहे. तो हिरडी बाजूला सारतो, तेव्हा कुठे तासलेल्या दाताची कड मापात नीट उतरते. रक्त येत असेल, हिरडी सुजलेली असेल, तर माप अस्पष्ट येतं. अशा वेळी डॉक्टर म्हणाले की 'आठवड्याने माप घेऊ', तर कुरकुर करू नका, तो चांगला डॉक्टर आहे. माप सिलिकॉनच्या लगद्यात घेतात किंवा छोट्या कॅमेऱ्याने स्कॅन करतात. स्कॅन असला की उलटी आल्यासारखं होत नाही, एवढा फायदा नक्की. बाकी दोन्ही पद्धती नीट केल्या तर चांगल्याच.

लॅबमध्ये काय चालतं ते थोडक्यात. झिरकोनियाचा ठोकळा मशीनवर कोरतात, मुद्दाम वीस-पंचवीस टक्के मोठा, कारण १,५०० अंशांच्या आसपास भाजला की तो आकसून बरोबर मापाला येतो. पोर्सेलिनचे थर धातूवर कुंचल्याने चढवून भट्टीत पुन्हा पुन्हा भाजतात. म्हणून चार-सहा दिवस लागतात. गणपतीच्या किंवा दिवाळीच्या तोंडावर दात तासून घेऊ नका. लॅबला सुट्टी लागली की तुम्ही तात्पुरत्या कॅपवर अडकता.

तात्पुरत्या कॅपचे दिवस

ती अ‍ॅक्रिलिकची असते आणि मुद्दाम कच्च्या सिमेंटने लावतात, कारण काढायची असते. चिक्की, च्युइंगम, सुकं खोबरं बंद. फ्लॉस (दातांच्या फटीतून फिरवायचा बारीक दोरा) वर ओढू नका, बाजूने सरकवून काढा. आणि हळद! दोन दिवस वरण-भात खाल्ला तर माझी तात्पुरती कॅप लग्नातल्या नवरीसारखी पिवळी झाली होती. काळजी नसावी, पक्की कॅप तशी होत नाही. तात्पुरती निघाली तर दोन-चार दिवस तशीच ठेवू नका, शेजारचे दात सरकले की पक्की बसताना त्रास देते.

ट्रायल: हीच खरी परीक्षा

पक्की कॅप सिमेंट न लावता बसवून पाहायची, ती ट्रायल. आता माझ्या पहिल्या कॅपची गोष्ट. सहा वर्षांपूर्वीची, वरची दाढ. संध्याकाळची वेळ, बाहेर पाच माणसं ताटकळलेली. मी बधिर तोंडाने दोनदा चावून दाखवलं, डॉक्टरांनी 'ठीक आहे ना?' विचारलं, मी मान डोलावली, कॅप चिकटली. सकाळी चहाबरोबर खारी खाताना कळलं की बाकीचे दात भेटायच्या आत ही कॅपच भेटतेय. सवय होईल म्हणून पंधरा दिवस काढले. दाढ ठणकू लागली, जबडा सकाळी अवघडायचा. शेवटी कॅप घासून कमी केली, पण घासलेली जागा पॉलिश केली नाही. वर्षभरात तिथूनच पोर्सेलिनचा कपचा उडाला. दोष त्या दवाखान्याचा होता, तसा मान डोलावण्याचाही.

म्हणून दुसऱ्या वेळी सांगितलं, "डॉक्टर, इंजेक्शन न देता ट्रायल घेऊ या." रूट कॅनाल झालेल्या दाताला तो त्रास होत नाही, आणि चावणं बरोबर कळतं. नस जिवंत असेल तर थोडं झिणझिणेल, तरी शक्य असेल तर विचारा. पीएफएम असेल तर पोर्सेलिन चढायच्या आधी धातूचीही एक ट्रायल होते. ती टाळू नका.

ट्रायलमध्ये मी काय काय पाहिलं? आधी फ्लॉस. दोन्ही बाजूंनी तो अडखळत 'टक' करून आत गेला पाहिजे. सुळकन गेला तर फट आहे, आणि मग आयुष्यभर मेथीची काडी आणि आंब्याच्या रेषा तिथेच अडकणार. जातच नसेल तर कॅप घट्ट आहे, ती पूर्ण खाली बसलेलीच नाही. मग कड. डॉक्टर टोकदार सळई कॅपवरून दातावर फिरवतात. ती ठेचकाळता कामा नये. ठेचकाळलीच तर तिथे प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, साठणार आणि कीड लागणार. हे तुम्हाला दिसत नाही, पण 'कड बरोबर आलीय का?' एवढं विचारलं तरी हात दुसऱ्यांदा फिरतो.

मग चावणं. निळा कागद दातांमध्ये धरून टकटक चावायला सांगतात. तेवढ्यावर उठू नका. कागद ठेवून जबडा डावीकडे-उजवीकडे घासा, पुढे सरकवा. मग कागद काढून डोळे मिटा आणि हळूच दात मिटवून पाहा. दोन्ही बाजू एकाच वेळी लागतात की कॅप आधी लागते? जिभेला आणि जबड्याला केसाएवढा फरकही कळतो. त्या दिवशी माझ्या दाढेवर तीन वेळा घासावं लागलं. चौथ्यांदा सांगायला संकोच वाटत होता, तरी सांगितलं. घासल्यावर पॉलिश केलंच पाहिजे. झिरकोनिया खडबडीत राहिली तर समोरच्या चांगल्या दाताला कानस लावल्यासारखी खाते.

शेवटी आरसा, तोही खिडकीशी. रंग पसंत नसेल तर आत्ताच बोला. सिमेंट लागलं की कॅप काढायची म्हणजे कापूनच काढायची.

सिमेंट लावायला पाचेक मिनिटं. दात कोरडा ठेवणं महत्त्वाचं, म्हणून कापसाचे बोळे भरतात. जास्तीचं सिमेंट घट्ट झाल्यावर कडेने आणि फटीतून गाठ मारलेल्या फ्लॉसने काढतात. एखादा कण हिरडीखाली राहिला तर हिरडी महिनोन्महिने लाल राहते.

नंतर

पहिले चोवीस तास मऊ खा. दोन-तीन दिवस हिरडी हुळहुळते, जिवंत नसेच्या दाताला थंड-गरम थोडं झोंबतं. आठवड्यानंतरही चावताना ठणकत असेल तर कॅप बहुधा उंच आहे. सवयीची वाट पाहू नका, फोन करा.

चांगली बसलेली कॅप दहा-पंधरा वर्षं सहज जाते, त्याहून जास्तही. कॅपला कीड लागत नाही, तिच्या कडेखालच्या दाताला लागते, म्हणून ब्रश हिरडीच्या रेषेवर तिरका धरायचा आणि रात्री फ्लॉस करायचा. सुपारी सोडा. तंबाखू, मशेरीविषयी वेगळं काय सांगायचं! पोर्सेलिनला सुपारी म्हणजे कपबशीला अडकित्ता. झोपेत दात खायची सवय असेल तर नाईट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर घालायचं प्लॅस्टिकचं कवच, करून घ्या. त्याचा खर्च नव्या कॅपपेक्षा कमी.

कधी कॅप निघालीच तर टिश्यूत गुंडाळू नका, ती कचऱ्यातच जाते. फेविक्विक तर नकोच नको, त्याने खुंटही खराब होतो आणि कॅपही पुन्हा वापरता येत नाही. डबीत ठेवा आणि दोन दिवसांत दवाखाना गाठा. आतला खुंट शाबूत असेल तर तीच कॅप पुन्हा चिकटते.

आणि निघताना एक कागद मागून घ्या: कुठला दात, कॅप कशाची, रंगाची छटा, कुठलं सिमेंट, तारीख, सोबत एक्स-रेची प्रत. दहा वर्षांनी कोणा डॉक्टरला शेजारच्या दाताशी रंग जुळवायचा असेल किंवा त्या कॅपमधून भोक पाडायचं असेल, तर झिरकोनिया आहे की धातू यावर त्याचं हत्यार ठरतं. माझा कागद रेशन कार्डाच्या पिशवीत आहे. आईने तो परवा वाचला, आकडा पाहिला आणि स्वतःच्या वरच्या दाढेवरून जीभ फिरवत विचारलं, "माझ्या या दाढेचा किती उरलाय गं दात?"